हेराल्ड चढाला बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप सुरू होते: नेमकं बघायचं काय?

आधी लक्षण सांगतो. तुमच्या गाडीशी जुळलं तरच पुढे वाचा.

सकाळी गाडी एका सेलमध्ये सुरू. सपाटीला अर्धा-पाऊण तास झकास. मग चढ लागतो, किंवा ऊस भरलेल्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जावं लागतं, आणि गाडी बंद. सेल मारून मारून बॅटरी उतरायला येते, पण इंजिन काही पकडत नाही. बॉनेट उघडायचं, एसी पंपावर (टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा पंप) ओला फडका टाकायचा, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा. परत येऊन सेल मारला की लगेच चालू. जसं काही झालंच नव्हतं.

माझी गाडी स्टँडर्ड हेराल्ड, १९६४ ची, दोन दारांची. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत अकरा वर्षं उभी होती. आरसी पुस्तकावर अजून 'मैसूर राज्य' आहे, कारण १९७३ पर्यंत आपल्या कर्नाटकाचं नावच ते होतं. ज्यांना हेराल्ड माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्लंडची १९५९ ची ट्रायम्फ हेराल्ड, मिकेलॉटी या इटालियन डिझायनरने काढलेली, ती १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड कंपनी बनवू लागली. इंजिन ९४८ सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्याही आत. मग हिला स्पोर्ट्‌स कार कशाला म्हणायचं, असं माझा मेहुणा विचारतो. म्हणून त्याला एकदा बसवून नेलं. हिला रॅक-पिनियन स्टिअरिंग आहे, अँबेसिडर आणि फियाटच्या जमान्यात हिच्या गिअरचा दांडा खाली होता, आणि ही पंचवीस फुटांत वळते. शिवाय ट्रायम्फने १९६२ ला जी स्पिटफायर काढली, ती दोन सीटची उघडी गाडी, ती हिच्याच चॅसीवर, चॅसी आखूड करून. जांबोटीच्या रस्त्याला सकाळी सहाला धुक्यात साठच्या वेगाने जाताना जी मजा येते, ती मोठ्या गाडीत शंभरला येत नाही.

घरी आणतानाच निपाणी सोडल्या सोडल्या तवंदी घाटात बंद पडली. परत सुरू झाली, ती वंटमुरीच्या चढाला पुन्हा बंद. पुढचे चार महिने हेच. जो भेटेल तो एकच सांगायचा. कणकुंबीच्या अलीकडे एका लॉरीवाल्याने गाडी थांबवून विचारलं, "एन आत्री?" (काय झालं?) आणि उत्तराची वाट न बघता, "ओद्दी बट्टी हाक्री." (ओला फडका टाका.) आमचे बेळगावच्या खडे बाजारचे मिस्त्री, सत्तरी ओलांडलेले, तेही तेच: "सायेब, पंपात ग्यास झालाय. वल्ला फडका टाका आणि जरा दम घ्या की." सीमाभागात दोन्ही भाषांचं एकमत असलेली ही एकच गोष्ट असावी.

आणि फडका टाकला की गाडी सुरू व्हायचीच. म्हणूनच मी चार महिने फसलो.

एके दिवशी पाण्याची बाटली घरी विसरलो. बेकवाडच्या फाट्याजवळ गाडी बंद पडली, फडका टाकायला पाणी नाही. तसाच वैतागून बसून राहिलो. वीस मिनिटांनी सेल मारला, चालू! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गाडी फडक्याने सुरू होत नव्हती, वीस मिनिटांनी होत होती. आणि वीस मिनिटं थांबल्याने बरा होणारा रोग एक नाही, किमान चार आहेत. पेट्रोलची वाफ झाली असेल तर ती थंड होऊन पुन्हा पातळ होते. इग्निशन कॉइल (ठिणगीला जोर देणारी) तापून मेली असेल तर निवते. टाकीतला गंज पाइपच्या तोंडाशी ओढला गेला असेल तर ओढ थांबल्यावर तळाला बसतो. टाकीच्या झाकणाचं भोक बुजून आत पोकळी तयार झाली असेल तर तेवढ्या वेळात हवा कुठून तरी आत शिरते. चारही वेळा फडक्याला श्रेय.

म्हणजे चहा पिऊन आलो की पुरावा गेलेला. जे काय कळायचं ते गाडी बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत, ती गरम आणि मेलेली असतानाच कळतं. गॅरेजला नेऊन उपयोग नाही, कारण गॅरेजला जाते ती चालूच असते! मिस्त्रींचा दोष नाही. त्यांना रोगी नेहमी बरा झालेलाच दिसतो.

तेव्हापासून डिक्कीत एवढंच ठेवतो: प्लगचा पाना, इन्सुलेटेड पक्कड, जुना प्लग, फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), मल्टिमीटर, अर्ध्या लिटरची बाटली, दोन फुटांचा पेट्रोलचा रबरी पाइप, आग विझवायचा सिलिंडर. शेवटची वस्तू शोभेची नाही.

खाली उतरण्याआधीच एक गोष्ट आठवून ठेवा: गाडी मेली कशी? इग्निशनचा दोष असेल तर बहुधा खटकन जाते, कुणी चावी काढून घेतल्यासारखी. पेट्रोल कमी पडत असेल तर कण्हत जाते, आधी धक्के देते, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखी बसते, थोडा चोक ओढला तर क्षणभर सावरते. ही खूण शंभर टक्के खरी नसते, पण दहातल्या आठ वेळा दिशा दाखवते.

मग उतरून पहिलं काम, टाकीचं झाकण उघडायचं आणि कान द्यायचा. 'स्स्स' करून हवा आत गेली तर झाकणाचा दोष. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने कुठल्यातरी नव्या गाडीचं कुलपाचं झाकण बसवलं होतं. नव्या गाड्यांची झाकणं बंदिस्त असतात, त्यांच्या टाकीला हवा दुसऱ्या वाटेने मिळते. आपल्या टाकीला झाकणातल्या भोकाशिवाय वाट नाही. एक मिलिमीटरचं ड्रिल मारलं, विषय संपला. माझा आजार मात्र त्याने गेला नाही.

दुसरं, ठिणगी. आणि ती पेट्रोलच्या आधी बघायची, हे विसरू नका. पाइप सोडून पेट्रोल सांडून ठेवलं आणि मग ठिणगी उडवत बसलात तर गाडीच्या दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढा, पकडीने धरून ब्लॉकपासून अर्धा सेंटिमीटर लांब ठेवा, कुणालातरी सेल मारायला सांगा. निळी, 'चट चट' आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, मधूनच येणारी असेल तर पुढे पेट्रोलकडे जाऊच नका.

ठिणगी चांगली असेल तर आता एसी पंप बघा. हेराल्डची मेहेरबानी म्हणजे अख्खा पुढचा भाग बॉनेटसकट पुढे उलटतो, चाकावर बसून काम करता येतं, आणि पंपाच्या डोक्यावर काचेची वाटी आहे. आजच्या कुठल्याही गाडीत पेट्रोल डोळ्यांनी दिसत नाही, हिच्यात दिसतं. वाटी भरलेली आणि शांत असेल तर पेट्रोल तिथवर येतंय. बुडबुडे उसळत असतील तर वाफ. अर्धी रिकामी आणि बुडबुडे नाहीत, तर मागून येतच नाहीये.

कणकुंबीला, मलप्रभेच्या उगमाच्या त्या माउलीच्या देवळाच्या अलीकडच्या वळणावर, मी पहिल्यांदा हे नीट केलं. मे महिना, दुपारचे बारा. गाडी कण्हत मेली होती. झाकण गप्प. ठिणगी निळीशार. वाटीकडे बघितलं तर पाव वाटी पेट्रोल, वर कोरडी काच, आणि तळाला चहाच्या गाळासारखा तांबूस थर. बुडबुडा एकही नाही. पंपाची हाताने मारायची दांडी हलवली, ती सैल, काही ओढेना. (दांडी सैल लागली म्हणजे पंप गेला असं समजू नका. इंजिन कधी कधी अशा जागी थांबतं की कॅमने पंप आधीच दाबलेला असतो. फॅन हाताने थोडा फिरवा आणि मग मारा.) तसं करून मारली तरी वाटी भरेना. मग पंपाकडे येणारा पाइप सोडला, तोंड बाटलीत धरलं. पेट्रोल ठिबकत होतं, बस. पाइपला माझा रबरी तुकडा लावला आणि टाकीच्या दिशेने जोरात फुंकर मारली. आधी गच्च. मग एकदम सुटलं आणि मागे डिक्कीतून गुडगुड आवाज आला. पुन्हा बाटलीत धरलं तर सरळ धार!

पाइप जोडला, दांडी वीस वेळा मारली, सेल मारला, चालू. एकूण सात मिनिटं. फडका कोरडा. त्या दिवशी जो आनंद झाला तो गाडी घेतानाही झाला नव्हता.

टाकी डिक्कीत असल्यामुळे काढणं सोपं. उलटी करून हलवली तर आतून वाळूसारखा आवाज. अकरा वर्षं अर्धवट भरलेली उभी, आत गंज. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. २०२३ पासून पंपांवर ई-२० यायला लागलं आणि आता बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. म्हणजे नेमकं जिथून पाइप पेट्रोल घेतो तिथे. आपल्याकडे जूनपासून चार महिने गाडी झाकून ठेवायची पद्धत, खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर भिंतींनाही घाम येतो. आणि वर हे इथेनॉल जुना चिकट थर सोडवून पुढे ढकलतं. त्यामुळे बरीच वर्षं उभी असलेली गाडी नव्या पेट्रोलवर सुरू केली की पहिले तीन-चार महिने फिल्टर भरत राहणारच.

टाकी साफ करायला मी ॲसिड वापरलं नाही. मळी वापरली, साखर कारखान्याची. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, टाकीचं तोंड बांधून पंधरा दिवस ठेवून द्यायचं. मळी गंज खाते, पत्र्याला हात लावत नाही. वेळ लागतो आणि वास असा येतो की बायकोने टाकी गच्चीवरून थेट माझ्या वर्कशॉपवर हलवायला लावली. मळीवर अबकारी खात्याचं नियंत्रण असतं, म्हणून कारखान्यात मागायला जाऊ नका, पशुखाद्यवाल्याकडे थोडी मिळते. ॲल्युमिनिअमचा पार्ट मात्र चुकूनही त्यात टाकू नका. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच वाळवायची, हेअर ड्रायर चालतो, आणि आतून ऑइल फिरवायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस. गंमत बघा, चिकोडी-निपाणीच्या उसाने टाकी गंजवली आणि त्याच उसाने साफ केली.

रबराचे सगळे पाइप, पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा), कार्बोरेटरच्या नीडलचं टोक, हे इथेनॉल सोसणारं घ्या. दुकानात 'व्हिटॉन' म्हणून मागा. साध्या काळ्या रबराचा पाइप आतून मऊ होऊन त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसतात.

आता मी सुटलो असं वाटलं. तीन आठवडे सुटलोही होतो.

मग ऑगस्टमध्ये, पावसात, शिनोळीच्या पुढे आंबोलीकडे जाताना खटकन बंद. चावी काढल्यासारखी. ठिणगी बघितली तर पिवळी, केसासारखी. कॉइलला हात लावला आणि झटकन काढला, इतकी तापलेली. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे) उघडून बघितले तर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा. स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उघडझाप केले तर तिथेच मोठी ठिणगी फुटत होती. ठिणगी पॉइंटवर मोठी आणि वायरीला बारीक, याचा अर्थ कंडेन्सर गेला. तो बदलला, पॉइंटची फट ०.४ मिमी केली, गाडी चालू झाली, पण कॉइल तरी एवढी का तापावी? घरी मल्टिमीटर लावला. आतल्या प्रायमरीला दीड ओम. करंट रोखणारी रेझिस्टन्स वायर नसलेल्या आपल्या गाडीला साधारण तीन ओमची कॉइल लागते. दीड ओमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाडीसाठी असते, आपल्याला लावली तर दुप्पट करंट खेचते आणि पॉइंट जाळते. डब्यावर '१२ व्होल्ट' एवढंच छापलेलं, आणि ती कॉइल मीच आणली होती, चार महिन्यांपूर्वी, फडक्याच्या काळात, 'बदलून बघू' म्हणून. अंदाजाने पार्ट बदलला की जुना दोष तसाच राहतो आणि नवा एक विकत येतो. कॉइल घेताना दुकानात उभं राहूनच मीटर लावा. दुकानदार हसेल, हसू दे.

तरीही, मिस्त्री अगदीच चुकीचे नव्हते. पुढच्या एप्रिलमध्ये चोर्ल्याचा घाट गोव्याच्या बाजूने चढताना, ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्यात, खरोखरची वाफ झाली. वाटीत उसळी मारणारे बुडबुडे दिसले. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, आणि या इंजिनात कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावर बसलेला. त्या दिवशी फडका टाकला आणि तो फडक्यानेच बरा झाला, हे कबूल करतो.

त्यावर केलेले उपाय, स्वस्तापासून. पंप ते कार्बोरेटर पाइप एक्झॉस्टपासून दोन इंच लांबून वळवून नेला. आधीच्या कुणीतरी तो जवळजवळ टेकवला होता. कार्बोरेटरच्या खाली आठ मिमीच्या, उष्णता रोखणाऱ्या हायलम शीटचा स्पेसर कापून घातला, स्टड लांब घेतले, आणि बॉनेट एअर फिल्टरला लागत नाही ना ते आधी मातीचा गोळा ठेवून बघितलं. मध्ये ॲल्युमिनिअमच्या पत्र्याची आडभिंत. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत असल्याचा हा फायदा, ही तीनही कामं एका दुपारची. शेवटी मेन जेट एक नंबर मोठा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी, हवा जास्त) पडतं आणि इंजिन जास्त तापतं. प्लगची टोकं पांढरी दिसत होती, आता बिस्किटाच्या रंगाची आहेत.

इलेक्ट्रिक पंप लावा असं बरेच जण सुचवतात. मी लावला नाही, कारण तो बाकीचे दोष झाकतो; गंजाने अर्धवट बुजलेल्या पाइपातूनही तो जोर लावून ओढत राहतो, आणि एक दिवस पूर्ण बुजतो. लावायचाच तर टाकीजवळ, खालच्या उंचीला, आणि दाब अडीच पीएसआयच्या वर जाणार नाही असा. हिच्या सोलेक्स कार्बोरेटरची नीडल त्यापुढे तग धरत नाही, कार्बोरेटर वाहतो. अपघात झाल्यास बंद होणारा स्विच त्याला हवाच.

हेराल्ड घ्यायच्या विचारात असाल तर दोनच गोष्टी, कारण बाकीचं घेतल्यावर कळतंच. पुढच्या चाकांचे ट्रनियन, ते पितळी नट, यात ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं. ग्रीस भरून वर्षानुवर्षं चालवलेली गाडी असेल तर आतले आटे सुकून खाल्लेले असतात आणि एखाद्या वळणावर चाक आडवं होतं. मी जोडी गनमेटलमध्ये आमच्याच लेथवर करून घेतली. दुसरी गोष्ट कागदाची. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये. पण ती गाडी मग प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला रविवारी आंबोलीला जायचं असेल तर ती नोंदणी घेऊ नका, साधी आरसीच वेळेवर रिन्यू करा. महाराष्ट्रातली, कोल्हापूर-गडहिंग्लजकडची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आणि चालवताना एकच: मागची चाकं स्विंग ॲक्सलवर आहेत. वळणात जोरात शिरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी शेपूट फिरवते. वेग वळणाआधी कमी करा, वळणात पाय हलका ठेवून ओढत न्या.

सध्या स्थिती अशी. गेल्या चौदा महिन्यांत घाटात एकदाही बंद नाही. पावसाळ्याआधी टाकी काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आत ओली हवा राहत नाही, आणि काचेची वाटी महिन्यातून एकदा काढून पुसतो. तळाला पाण्याचा थेंब दिसला तर टाकीच्या तळाचं पेट्रोल काढून टाकतो. एक दुखणं मात्र शिल्लक आहे. भर उन्हात चन्नम्मा सर्कलला अडकलो, चार-पाच मिनिटं नुसतं इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागलं, की अजूनही खोकते. तेव्हा बोटभर चोक ओढतो, हिरवा लागला की सोडतो, क्लब रोडला लागेपर्यंत ठीक होते. मिस्त्री म्हणतात, "फडका ठेवा की जवळ." ठेवलाय.